गाळणीवर राहिलेले सत्य : लाझारो स्पालान्झानी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जी कामे आरंभी शिकवली जातात, त्यांत गाळण्याचे काम असतेच. फिल्टर पेपरची चौपदरी घडी घालावी, तिचा शंकू करून नरसाळ्यात बसवावा, वरून द्रावण ओतावे आणि खाली चंचुपात्र ठेवून थांबावे. खाली काय उतरले आणि कागदावर काय राहिले, एवढेच जर्नलात लिहायचे असते. इतक्या साध्या कामाने कुठले मोठे कोडे सुटत असेल असे आपल्या मनातही येत नाही. परंतु सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतील एका धर्मगुरूने याच साध्या कृतीने एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर हाती आणले. मूल कशाने होते, हा तो प्रश्न. उत्तर त्याच्या कागदावर अक्षरशः चिकटून राहिले होते. त्याने ते प्रामाणिकपणे टिपून ठेवले आणि त्यावर विश्वास मात्र ठेवला नाही. त्याचे नाव लाझारो स्पालान्झानी.

आज वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत शुक्रजंतूंची पारख आणि निवड केली जाते. त्या कामाची वंशावळ मागे मागे शोधत गेलो, तर ती या माणसाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून त्याचे चरित्र आपण जाणून घेतले पाहिजे, आणि त्याच्या यशाइतकेच त्याचे अपयशही.

लाझारोचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतील स्कांदियानो या लहानशा गावी झाला. वडील वकील होते. घर खाऊनपिऊन सुखी. वयाच्या पंधराव्या वर्षी मुलाला जवळच्या रेज्जो गावी जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात घातले. मुलगा हुशार. आपल्या पंथात यावे असे पाद्र्यांना वाटू लागले, पण ते जमले नाही. वडिलांची इच्छा त्याने आपली गादी चालवावी अशी होती, म्हणून कायदा शिकण्यासाठी त्याला बोलोन्या येथील विद्यापीठात पाठवण्यात आले. आपल्याकडे आजही अनेक मुलांच्या आयुष्यात घडते तसेच हे घडले. फरक इतकाच, की बोलोन्यात त्याच्या नात्यातली एक स्त्री त्याची वाट बदलायला उभी होती.

तिचे नाव लाउरा बासी. स्त्रियांना विद्यापीठाचे दारही दिसत नव्हते अशा काळात, १७३२ साली, बोलोन्या विद्यापीठाने तिला अध्यापक नेमले होते. ती पदार्थविज्ञान शिकवी आणि स्वतःच्या घरी प्रयोग करून दाखवी. तिच्या सहवासात तरुण लाझारोला गणित आणि निसर्गविज्ञान यांची गोडी लागली. कायद्याची पुस्तके मागे पडली. पुढे त्याने धर्मदीक्षा घेतली आणि जन्मभर तो आबाते, म्हणजे धर्मगुरू स्पालान्झानी, या नावाने ओळखला गेला. त्या काळी विद्याव्यासंगी माणसाला पोटापाण्याची सोय आणि समाजात मान मिळवून देणारा हा मार्ग होता. प्रथम रेज्जो, नंतर मोदेना येथे शिकवून १७६९ साली ते पाविया विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पाविया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसा यांच्या अमलाखाली होते. त्यांच्याच आमंत्रणावरून ते आले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले.

पावियाला येण्यापूर्वीच त्यांचे नाव युरोपभर झाले होते. इंग्लंडच्या नीडम नावाच्या दुसऱ्या एका धर्मगुरूने मटणाचा रस उकळून, बुचाने बंद करून ठेवला होता. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळू लागले. निर्जीव रसातून सजीव आपोआप उत्पन्न होतात, असा निष्कर्ष त्याने काढला. स्पालान्झानींना शंका आली ती बुचाची. त्यांनी काचेच्या चंबूंच्या माना ज्योतीवर वितळवून बंद केल्या, चंबू जवळजवळ तासभर उकळत्या पाण्यात ठेवले, आणि मग वाट पाहिली. रस स्वच्छ राहिला. मान फोडून हवा आत जाऊ दिली की काही दिवसांत त्यात जीव दिसू लागत. १७६५ साली हे काम प्रसिद्ध झाले. वाद लगेच मिटला नाही. तो मिटवायला पुढल्या शतकात पाश्चरला यावे लागले. पण स्पालान्झानींची पद्धत येथेच स्पष्ट दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे होते तसेच ठेवायचे, आणि मग काय होते ते पाहायचे.

या पद्धतीपुढे त्यांनी स्वतःच्या देहाचीही गय केली नाही. पचन म्हणजे जठरात अन्न नुसते रगडले जाणे की जठररसाने विरघळणे, हे ठरवण्यासाठी त्यांनी अन्न भरलेल्या कापडाच्या इवल्या पिशव्या स्वतः गिळल्या. जठररस नळीत भरून ती काखेत धरून ऊब दिली, आणि मांस शरीराबाहेरही विरघळते हे दाखवले.

आता मुख्य विषयाकडे येऊ. शुक्रजंतू दिसून त्या वेळी शंभर वर्षे होत आली होती. १६७७ साली हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्या भिंगातून रेतात शेपटीचे असंख्य सूक्ष्म जीव पोहताना पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. पण ते तेथे काय करतात हे कोणालाच सांगता येत नव्हते. विद्वानांचे दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, भावी जीव तयार स्थितीत शुक्रजंतूतच असतो, आईच्या उदरात तो केवळ वाढतो. दुसरा म्हणे, तो बीजांडात तयारच असतो आणि पित्याचे रेत त्याला फक्त चालना देते. दुसऱ्या पक्षाचे जोर धरलेले पुढारी म्हणजे जिनिव्हाचे शार्ल बोने. ते स्पालान्झानींचे स्नेही होते. दोघांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. स्पालान्झानींचे मतही त्याच बाजूला झुकले होते. शुक्रजंतू म्हणजे रेतात राहणारी बांडगुळे, आतड्यात जसे जंत तसे रेतात हे, अशी त्यांची समजूत होती.

प्रयोगासाठी त्यांनी निवडला बेडूक. मृगाचा पाऊस झाला की आपल्याकडे शेतातल्या डबक्यांतून बेडकांचा जो गोंधळ चालतो तो सर्वांनी ऐकलेला आहे. नर मादीच्या पाठीवर घट्ट बसतो, मादी पाण्यात अंडी सोडते. अंडी देहाबाहेर येत असल्यामुळे सारे व्यवहार डोळ्यांसमोर होतात. प्रश्न होता, नर त्या वेळी नक्की काय करतो? त्यांच्या आधी फ्रान्सच्या रेओम्यूरने नर बेडकांना विजारी चढवण्याची कल्पना काढली होती, पण तिच्यातून काही निष्पन्न झाले नव्हते. स्पालान्झानींनी ती पुन्हा हाती घेतली. पाणी न झिरपणाऱ्या तलम कापडाच्या छोट्या तंग विजारी शिवून त्यांनी नरांना घातल्या. विजार घातलेले बेडूक नेहमीसारखेच मादीला बिलगून राहिले, पण त्यांच्या माद्यांची अंडी कुजून गेली. विजार नसलेल्या बेडकांच्या अंड्यांतून बेडूकमासे बाहेर आले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. विजारीत साठलेले थेंब त्यांनी काढले आणि मादीच्या पोटातून घेतलेल्या अंड्यांना लावले. अंडी वाढीस लागली. नर आणि मादी एकत्र न येता, माणसाच्या हातून, काचेच्या भांड्यात जीव जन्माला आला होता. हे साल होते १७७७.

ही विजारीची गोष्ट ऐकून हसू येते, आणि त्या काळीही लोक हसले असतील. पण त्या हास्यास्पद कपड्याने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. फलनासाठी रेत प्रत्यक्ष अंड्याला लागावेच लागते.

यावर एक हरकत उरत होती. रेतातून निघणारी सूक्ष्म वाफ अंड्यावर काम करते, द्रवाशी संबंध येण्याची गरज नाही, असे मानणारे बरेच होते. स्पालान्झानींनी घड्याळाच्या दोन काचा घेतल्या. खालच्या काचेत रेत ठेवले, वरच्या काचेला आतून अंडी चिकटवली आणि एक दुसरीवर पालथी घातली. काही तासांत अंड्यांवर वाफेचे दव जमले. अंडी तशीच राहिली. मग तीच अंडी खालच्या उरलेल्या द्रवात बुडवली. ती वाढू लागली. वाफेचा सिद्धान्त तेथेच संपला.

त्यानंतर त्यांनी रेत पाण्यात मिसळून पातळ, आणखी पातळ करत नेले. थोड्याशा रेतात पुष्कळ पाणी घालूनही फलन होई, याचे त्यांना फार आश्चर्य वाटले. आणि मग आला गाळण्याचा प्रयोग. पाणी मिसळलेले रेत त्यांनी फिल्टर पेपरमधून गाळले. कागद एक असता खाली उतरलेल्या द्रवाने पुष्कळ अंडी फळली. कागदांची संख्या वाढवत नेली तशी फळणाऱ्या अंड्यांची संख्या घटत गेली. सहासात कागदांतून गाळलेल्या द्रवाने एकही अंडे फळले नाही. आता त्यांनी ते वापरलेले कागद घेतले आणि स्वच्छ पाण्यात पिळले. त्या पाण्यात अंडी ठेवताच ती फळली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे पुढचे वाक्य सांगावे लागत नाही. द्रव खाली उतरला तो निष्प्रभ होता. शक्ती होती ती कागदावर अडकलेल्या कणांत. आणि रेतात कागदावर अडकण्याजोगे काय असते हे स्पालान्झानींइतके कोणाला ठाऊक होते? सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी त्या शेपटीच्या जीवांचे तासन्‌तास निरीक्षण केले होते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी हेही नोंदले होते, की बर्फाच्या गारव्यात हे जीव निश्चल होतात आणि पुन्हा ऊब मिळाली की हालू लागतात. ही नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

एवढे सगळे हाती असून स्पालान्झानींनी निष्कर्ष काढला तो उलटा. फलनाची शक्ती रेताच्या द्रवातच आहे, शुक्रजंतूंचा तिच्याशी संबंध नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांच्याजवळ कारणे होती. भेक जातीच्या एका नराच्या रेतात त्यांना शुक्रजंतू दिसले नव्हते आणि तरी त्या रेताने अंडी फळली होती. ते त्यांच्या नजरेतून निसटले होते, हे आज आपल्याला कळते. शिवाय फळलेले आणि न फळलेले अंडे आरंभी त्यांना अगदी सारखेच दिसे. त्यावरून अंडे म्हणजे घडी घातलेला बेडूकमासाच, असा त्यांचा ग्रह पक्का झाला होता. जीव अंड्यात तयारच असेल, तर बाहेरून येणाऱ्या शुक्रजंतूला करायला काम काय उरते? मत आधी ठरले होते, आणि कागदावरचा पुरावा त्या मतात बसत नव्हता.

पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. बसत नाही म्हणून तो पुरावा लपवला नाही. किती कागद वापरले, किती अंडी फळली, कागद पिळून काय झाले, हे सारे त्यांनी १७८० च्या ग्रंथात तपशीलवार छापले.

त्याच ग्रंथात त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोगही आहे. बेडकाचे फलन देहाबाहेर होते, पण पिलांना जन्म देणाऱ्या प्राण्यांचे काय? त्यांनी एक कुत्री निवडली, तिला खोलीत कोंडून किल्ली स्वतःजवळ ठेवली. ती माजावर आल्याची खात्री झाल्यावर एका कुत्र्याचे रेत घेऊन, शरीराइतक्या उबेची पिचकारी वापरून, ते तिच्या गर्भाशयात सोडले. ६२ दिवसांनी तिने ३ पिलांना जन्म दिला. पिले आईसारखी दिसत होती तशीच बापासारखीही. ज्या माणसाच्या मते सारे अंड्यातच तयार असते, त्याच्याच घरात पिलांनी बापाचा तोंडवळा घेऊन यावे, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. आपल्या आयुष्यातला हा मोठ्यात मोठा आनंद आहे असे स्पालान्झानींना वाटले. दोन वर्षांत पिसा येथे दुसऱ्यांनी हा प्रयोग यशस्वी करून दाखवला. एक दिवस ही युक्ती माणसांच्याही उपयोगी पडेल आणि तिचे परिणाम लहानसहान असणार नाहीत, हे बोने यांनी त्यांना लगेच कळवले होते.

कीर्तीबरोबर शत्रूही आले. १७८५ साली स्पालान्झानी कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला गेले. ते दूर असताना पावियातील काही सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या संग्रहालयातील नमुने त्यांनी चोरून घरी नेल्याचा आरोप केला. परत येतात तो चौकशी उभी. आरोप खोटा ठरला आणि सम्राटाने त्यांना दोषमुक्त केले. पण अपमान ते विसरले नाहीत. आरोप करणाऱ्यांत वनस्पतिशास्त्राचे थोर अभ्यासक स्कोपोली होते. त्यांनी कोंबडीच्या अन्ननलिकेचा एक तुकडा नवा कृमी समजून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. स्पालान्झानींनी टोपणनावाने पत्रे छापून त्यांची जगभर हेटाळणी केली. स्कोपोली १७८८ साली वारले. चुकीला क्षमा न करणारी तीक्ष्ण दृष्टी स्पालान्झानींपाशी होती, पण ती दुसऱ्याच्या चुकीवर जितकी खिळे तितकी स्वतःच्या चुकीवर खिळत नसे.

तरी त्यांचे अखेरचे मोठे काम पाहिले म्हणजे त्यांच्याविषयीचा आदर वाढतो. १७९३ साली त्यांच्या लक्षात आले, की घुबड गडद अंधारात गोंधळते, पण वटवाघूळ सहज फिरते. वटवाघळांचे डोळे निकामी केले तरी ती दोऱ्यांच्या जाळ्यातून न अडखळता उडाली. एखादे सहावे इंद्रिय असावे, असा त्यांनी प्रथम तर्क केला. तेवढ्यात जिनिव्हाच्या ज्यूरीन नावाच्या वैद्याने कळवले, की कान बंद केल्यास वटवाघूळ आंधळ्यासारखे धडकते. स्पालान्झानींनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला, आणि आपला तर्क सोडून ज्यूरीनचे म्हणणे मान्य केले. कानाने पाहणे ही गोष्ट लोकांना इतकी विचित्र वाटली, की ती दीडशे वर्षे बाजूलाच पडली. १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिनने वटवाघळाचे माणसाला न ऐकू येणारे आवाज यंत्राने पकडले, तेव्हा हे कोडे उलगडले. म्हणजे पुराव्यापुढे मान तुकवणे त्यांना अशक्य नव्हते. फलनाच्या बाबतीत ते घडले नाही, कारण तेथे मत केवळ तर्क राहिले नव्हते. ते मैत्री आणि श्रद्धा यांच्याशी जोडले गेले होते.

फेब्रुवारी १७९९ मध्ये पाविया येथे स्पालान्झानींचा अंत झाला. अखेरच्या काळात त्यांना मूत्राशयाच्या विकाराने ग्रासले होते. जन्मभर इतरांची शरीरे तपासणाऱ्या या माणसाचे ते मूत्राशय पावियाच्या विद्यापीठ संग्रहालयात जतन केलेले आहे. स्कांदियानोला त्यांचा पुतळा आहे. त्यात ते हाती भिंग घेऊन बेडूक निरखत आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १८२४ साली, प्रेव्हो आणि द्यूमा या दोघांनी गाळण्याचा प्रयोग पुन्हा केला. निकाल तोच आला. फरक असा, की त्यांनी तो निकाल जसा होता तसा वाचला. फलन करतो तो शुक्रजंतू, असे त्यांनी सांगितले. तरीही जुना ग्रह लवकर गेला नाही. १८२७ साली सस्तन प्राण्याचे बीजांड शोधणाऱ्या फॉन बेअरनेही शुक्रजंतूंना परोपजीवीच मानले. त्याने त्यांना दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी रेतातले प्राणी असा होतो. अखेर १८७६ साली जर्मनीच्या हेर्टविगने समुद्री अर्चिनच्या अंड्यात शुक्रजंतूचे केंद्रक आणि बीजांडाचे केंद्रक एकरूप होताना दाखवले. आई आणि बाप दोघांचाही जीवात वाटा असतो, हे ठरायला शुक्रजंतू प्रथम दिसल्यापासून दोनशे वर्षे लागली.

पिचकारीचा प्रयोग मात्र लवकर कामाला लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इव्हानोव्हने घोड्यांवर कृत्रिम रेतन मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. भारतात ही पद्धत १९३९ साली प्रथम आली ती म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत. आज खेड्यातला शेतकरी गाय माजावर आली की जनावरांच्या दवाखान्यात जातो, त्या साध्या फेरीमागे पावियातली ती कोंडलेली कुत्री उभी आहे. बर्फाची नोंदही वाया गेली नाही. १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरीन वापरून रेत गोठवून टिकवण्याची रीत सापडली आणि १९५३ साली गोठवलेल्या रेतापासून माणसात गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले.

१९७८ साली इंग्लंडमध्ये पहिले परीक्षानळी बालक जन्मले. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तसाच यशस्वी प्रयोग केला, पण सरकारी चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी बालक जन्मले, ते भारतातले पहिले मानले गेले. पुढे मुखोपाध्यायांची टिपणे आनंद कुमार यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी स्वतःच, १९९७ साली, पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे असे जाहीर केले. स्वतःच्या गळ्यातला हार काढून दुसऱ्याला घालण्याचा हा मोठेपणा शक्य झाला, तो एका मृत माणसाच्या प्रामाणिक नोंदींमुळे.

आजच्या प्रयोगशाळेत शुक्रजंतूंची निवड कशी करतात ते पाहिले, तर स्पालान्झानींचीच कृती सुधारलेल्या रूपात दिसते. रेतातला द्रव आता निरुपयोगी म्हणून वेगळा काढतात. तो गर्भाशयात थेट सोडला तर स्त्रीला कळा येतात. एका रीतीत रेतावर पोषक द्रावणाचा थर देऊन नळी उबेत तिरपी ठेवतात. तासाभरात जोमदार शुक्रजंतू वरच्या थरात पोहत येतात, दुबळे आणि मेलेले खाली राहतात. दुसऱ्या रीतीत दाट आणि विरळ द्रावणांच्या थरांवर रेत ठेवून नळी यंत्रात फिरवतात. सुघड शुक्रजंतू थर ओलांडून तळाशी जातात. १९९२ साली बेल्जियममधील डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू काचेच्या सुईने बीजांडात सोडून गर्भधारणा साधल्याचे जाहीर केले. तेव्हापासून निवडीची जबाबदारी अधिकच वाढली, कारण हजारोंतून एक माणसाच्या डोळ्याने वेचायचा असतो.

काही पुरुषांचे शुक्रजंतू मुळीच हालत नाहीत. ते मेलेले समजून टाकून द्यायचे काय? येथे बर्फातली नोंद आठवावी. निश्चल म्हणजे मृत नव्हे. त्यांना पाणी वाढवलेल्या सौम्य द्रावणात ठेवतात. जिवंत पेशीचे आवरण शाबूत असल्याने आत शिरलेल्या पाण्याने तिची शेपटी फुगून वळते. मेलेल्याची सरळच राहते. वळलेल्या शेपटीचा शुक्रजंतू वेचून घेतात, आणि आशा सोडलेल्या एखाद्या घरात पाळणा हालू शकतो. निवडीला मर्यादाही आहे. मुलगा हवा म्हणून शुक्रजंतू निवडणे आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे.

या साऱ्यातून आणखी एक गोष्ट घडली. मूल झाले नाही की दोष बाईचा, ही आपल्या समाजाची शतकानुशतकांची रीत. तिच्यापायी किती स्त्रियांना सवती आल्या, किती जणी माहेरी धाडल्या गेल्या, याची गणती नाही. मूल होण्यात पुरुषाचा वाटा नेमका कशात आहे हे कागदावर वेगळे काढता आले, म्हणून आज तो तपासता येतो, आणि डॉक्टर तपासणीला दोघांनाही बोलावतात.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एकच सांगावेसे वाटते. प्रॅक्टिकलच्या तासाला अपेक्षित उत्तर माहीत असते, आणि आलेले रीडिंग त्याच्याशी जुळत नसले की खोडरबर हाती घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. आम्हा शिकवणाऱ्यांच्या तो लक्षात येतो, कारण आम्हीही विद्यार्थी होतो. स्पालान्झानींना आपल्या रीडिंगचा अर्थ लागला नाही. पण त्यांनी ते खोडले नाही, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांना तो लावता आला. आपल्या हातून निष्कर्ष चुकला तर तो सुधारणारा कोणी तरी येतो. नोंदच खोटी असेल, तर येणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.